झाकणं कावून वाकली

माझ्या आक्काचा नवरा मला पहिल्या दिवसापासून आवडला नाही. त्यालाही मी आवडलो नाही, हे मला लग्नाच्या मांडवातच कळलं. कानपिळीला नवरीच्या भावानं नवरदेवाचा कान नुसता धरायचा असतो. टॉवेल-टोपी घ्यायची आणि बाजूला व्हायचं. मी तो जोर लावून पिळला. माझे मित्र फिदीफिदी हसले. कान लालभडक झाला. फोटोवाल्याकडं बघून हसता हसताच तो माझ्याकडं झुकून म्हणाला, "ध्यानात ठेवीन बे."

त्यानं ठेवलं.

आमच्याकडं बहिणीच्या नवऱ्याला दाजी म्हणतात, आणि दाजीला उलट बोलायची रीत नाही. तो आला की आधी पाणी, मग पहिलं ताट त्याचं. मी हे सगळं केलं आणि प्रत्येक वेळी आतल्या आत चडफडलो. तोंडावर मी त्याला "तुमी" म्हणायचो. मनात तो कायम "तो"च होता. इथंही तोच लिहितो.

लहानपणी तो आईबापाबरोबर ऊसतोडीला जायचा. पुढं वाळूजला एका शेडमध्ये भट्टीवर लागला आणि बरीच वर्षं तिथंच राहिला. मग मांजरसुंब्याच्या अलीकडं ॲल्युमिनियमचे भाग ओतायचा एक छोटा कारखाना निघाला. गावाजवळ काम मिळतंय म्हणून तो परत आला आणि आक्काला नि दोन पोरींना घेऊन मांजरसुंब्याला दोन खोल्यांत राहू लागला. भट्टी त्याच्या ताब्यात होती. मी मेकॅनिकलचा डिप्लोमा करून त्याच कारखान्यात तपासणीच्या कामावर लागलो, तेव्हा त्याला तिथं पाच वर्षं झाली होती. आक्का म्हणायची, दाजीनं शब्द टाकला म्हणून तुला घेतलं. मी म्हणायचो, माझे मार्क बघून घेतलं. खरं काय ते मी कधी विचारलं नाही.

पहिल्याच दिवशी त्यानं मला सगळ्यांसमोर उभं केलं. नुकतीच पाण्याच्या टाकीतून काढलेली, अजून ओली, हातभर लांब पट्टी त्यानं माझ्यापुढं धरली.

"पाव्हणं, सांगा बरं. हे आता कडक हाय का मऊ?"

हातातलं काम टाकून सगळे बघायला लागले. मी लहानपणी गावात लोहाराच्या भात्यापाशी तासन् तास बसलेलो. कोयता लाल करायचा, पाणी पाजायचं, धार कडक होते. पुस्तकात ॲल्युमिनियमचा धडा होता, त्यावर परीक्षेत मी पानभर लिहिलंही होतं. पण ऐन वेळी जीभ लोहाराकडं गेली.

"कडक," मी म्हणालो.

त्यानं पट्टी गुडघ्यावर घेतली आणि दोन्ही हातांनी सहज वाकवली.

"लोखंड पानी पिलं की कडक हुतं. ह्याचं उलटं हाय. हे पान्यातून मऊ निघतं. मग दुसऱ्या भट्टीत हळू आंचेवर शेकलं म्हंजी कडक हुतं. डिप्लोम्याला न्हाई शिकवलं व्हय बे?"

सगळे हसले. वाकलेली पट्टी त्यानं माझ्या टेबलावर ठेवली आणि जेवायला गेला. मी ती भंगारात टाकली. दुसऱ्या दिवशी ती परत टेबलावर होती.

कामाची रीत सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. आम्ही गिअरबॉक्सची झाकणं करायचो. ओतलेली झाकणं लोखंडी जाळीत भरायची, पाचशे चाळीस अंशांच्या भट्टीत सहा-सात तास ठेवायची. मग जाळी चेनकप्पीनं उचलून सरळ पाण्याच्या टाकीत सोडायची. भट्टीचं दार उघडल्यापासून जाळी बुडेपर्यंत आठ सेकंदांच्या वर जायचं नाही. उशीर झाला तर पुढं कितीही शेका, झाकण कडक होत नाही. आणि पाणी गरम लागतं, साठ-सत्तर अंशांचं. थंड पाण्यात धातू एकदम आकसतो, वाकतो, कधी तडकतो. माणूस एवढं सांभाळू शकला की काम झालं, असं मला वाटायचं.

मग नवीन झाकण आलं. रुंद आणि पातळ. दाजी ते झाकण जाळीत नुसतं ठेवायचा नाही. एकेक झाकण तारेनं बांधून उभं टांगायचा, दोन झाकणांत दोन बोटांचं अंतर ठेवायचा. जाळी भरायलाच तास जायचा, आणि झाकणंही कमी मावायची. त्यात झाकणं मऊ निघायला लागली. कडकपणा मोजायचं मशीन माझ्याकडं होतं. आकडा रोज कमी येत होता.

एक दिवस मी मोबाइलवर सेकंद लावून टाकीशेजारी उभा राहिलो.

"बारा सेकंद," मी म्हणालो. "दाजी, आठच्या वर चालत न्हाई."

"चेन घसरती. चारदा सांगितलं मालकाला. जोरात सोडली तर जाळी आदळंल."

"चेनीचं बघू. पन ह्या तारा कशाला? सगळं लोंबकळतंय, म्हनून तुमी हळू सोडताय."

"उभी जावीत म्हनून."

"कावून?"

"आडवी गेली की वाकतात."

"कुठं लिहिलंय?"

त्यानं हातमोज्याचं बोट स्वतःच्या डोळ्याला लावलं. "हितं."

मी मालकाकडं गेलो. मालक चाळिशीचा, घाईचा माणूस. एका जाळीत दीडपट झाकणं बसतील, हे ऐकल्यावर त्यानं पुढचं ऐकलं नाही. तारा निघाल्या. झाकणं आडवी, थरावर थर बसायला लागली. त्याच आठवड्यात मी मागं लागून नवीन चेनही बसवून घेतली. वेळ सात सेकंदांवर आला. कडकपणा वर चढला. मालकानं सगळ्यांदेखत माझ्या पाठीवर थाप मारली. मी मुद्दाम भट्टीकडं बघितलं. दाजी दाराच्या बिजागरीला ग्रीस लावत होता.

संध्याकाळी हातपाय धुताना तो एवढंच बोलला, "वरची बघून पाठवू नको. सगळ्यात खालची बघ."

मी वरची दोन झाकणं सरफेस प्लेटवर, म्हणजे सपाटपणा तपासायच्या लादीवर ठेवून बघितली. सपाट होती. खालची बघितली नाहीत. वेळ नव्हता असं मी पुढं सगळ्यांना सांगितलं. खरं म्हणजे त्यानं सांगितलं म्हणूनच मी ती बघितली नाहीत.

पंधरा दिवसांनी सगळा माल परत आला. घेणाऱ्या कंपनीचा माणूस सोबत आला होता. त्यानं एक झाकण आमच्याच सरफेस प्लेटवर ठेवलं आणि एका कोपऱ्यावर बोट दाबलं. झाकण टक् करून त्या बाजूला बसलं. बोट काढलं, परत टक्. पाच-सहा झाकणांवर त्यानं तेच केलं. मालकाच्या कानशिलाची शीर दिसायला लागली होती.

"उद्या सकाळी मला कारण पाहिजे. लेखी," मालक मला म्हणाला.

मी भट्टीची वही उघडली. त्या आठवड्यात तीन दिवस पाण्याच्या तापमानाचा रकाना रिकामा होता. दाजीला लिहायचा कंटाळा होता. त्याचं अक्षरही वाईट होतं आणि त्याची त्याला लाज वाटायची, हे मला माहीत होतं. मी रिपोर्टमध्ये लिहिलं, "पाणी थंड असावं." वाचून बघितलं. "असावं" लेचंपेचं वाटलं. मी ते खोडलं आणि "पाणी थंड होतं" असं केलं. मग पूर्ण पान नव्यानं उतरवून काढलं, खाडाखोड दिसू नये म्हणून.

मालकानं दाजीला केबिनमध्ये बोलावलं. मी तिथंच होतो. दाजीनं मालकाकडं बघितलंच नाही.

"तू बघितलं का बे पानी थंड व्हतं ते?"

"वहीत नोंद न्हाई."

"नोंद न्हाई म्हंजी थंड व्हतं? म्या सकाळी जेवलो त्याची बी नोंद न्हाई. उपाशी हाय का म्या?"

"भट्टी तुमच्याकडं व्हती, दाजी. टाकी तुमच्याकडं व्हती."

"आन तारा कुनी काढल्या?"

मालक म्हणाला, त्या तारांचं राहू द्या, वही का भरली नाही ते सांगा. मालकानं त्याला भट्टीवरून काढून घासकामावर, म्हणजे ओतलेल्या भागांच्या कडा घासायच्या कामावर जायला सांगितलं. तिथं बहुतेक सगळे नवीन, शिकाऊ होते. दाजीनं हातमोजे काढले, टेबलावरच्या रिपोर्टवर ठेवले. ओले होते. कागद भिजून शाई फुटली. तो निघून गेला आणि परत आला नाही.

त्या महिन्याच्या शेवटी त्यांनी मांजरसुंब्याच्या खोल्या सोडल्या आणि सामान टेम्पोत घालून युसूफ वडगावला, त्याच्या घरी गेले. आक्काचा एकच फोन आला.

"तुला भाऊ म्हनायची लाज वाटती," म्हणाली आणि ठेवून दिला. मी परत लावला, तिनं उचलला नाही. मला तेव्हा वाईट वाटलं नाही. राग आला. मी कुणाचं खाल्लं होतं? माझं काम मी केलं होतं. बायको माझ्याशी दोन दिवस बोलली नाही, तिचाही राग आला.

भट्टीवर नवीन माणूस आला. मी स्वतः त्याच्याजवळ उभा राहायला लागलो. माझा थर्मामीटर, माझं घड्याळ, माझी वही. पाणी अडुसष्ट अंश. वेळ सात सेकंद. एकही रकाना रिकामा नाही. झाकणं काढली, खालच्या थरातलं एक सरफेस प्लेटवर ठेवलं आणि कोपऱ्यावर बोट दाबलं.

टक्.

दुसऱ्या जाळीचंही तेच. तिसऱ्या जाळीचंही. पाण्यातून काढल्यावर काही तास झाकण मऊ असतं, तेवढ्यात प्रेसखाली दाबून मी ती सरळ करून बघितली. काही झाली. काही दुसऱ्या भट्टीतून परत वाकडी होऊन आली. दोन-तीन झाकणांना बारीक तडा गेला.

चौथ्या जाळीच्या वेळी मी टाकीच्या कडेला उकिडवा बसलो. जाळी खाली आली. सगळ्यात खालचं झाकण पोटानं पाण्याला टेकलं, त्याच्याखाली पाणी खदखदून उकळलं, वाफ बाहेर पडायला जागा नाही म्हणून तिथंच अडकली. खालची बाजू पाण्यात आणि वरची अजून कोरडी, तापलेली. एकच झाकण, आणि त्याच्या दोन बाजूंचे दोन वेगळे दिवस चाललेले. मग ते वाकणार नाही तर काय होणार? एवढं साधं होतं. उभं गेलं असतं तर दोन्ही बाजूंना पाणी एकदम लागलं असतं आणि वाफ कडेनं वर निघून गेली असती.

माणसाला इथं पश्चात्ताप वाटावा. मला संताप आला. तो बरोबर होता, आणि त्यानं मला ते नीट समजावून सांगितलं नव्हतं. डोळ्याला बोट लावून "हितं" म्हणाला होता. हे काय सांगणं झालं?

मी तार मागवली. झाकणाच्या लांब कडेला मधोमध एक भोक होतं, त्यातून तार ओवून सगळी झाकणं उभी टांगली. आता चेन नवी होती, जाळी झरकन खाली यायची. पण झाकणं झुलायची, एकमेकांवर आपटायची, तिरकी होऊन पाण्यात शिरायची. काही घासून निघाली, काही तरीही वाकली. जाळी हळू सोडली तर मऊ. जोरात सोडली तर वाकडी. आठवडा गेला. मालक पूर्वी दाजीशी ज्या आवाजात बोलायचा, त्याच आवाजात माझ्याशी बोलायला लागला.

सुट्टीच्या दिवशी मी मोटारसायकल काढली आणि केजवरून युसूफ वडगावला गेलो. पोरींसाठी केजमध्ये पेढे घेतले. दाजी अंगणात बसून फवारणीचा पंप दुरुस्त करत होता. मला बघून उठला नाही. ये म्हणाला नाही, बस म्हणाला नाही. त्याची आई आतून तांब्या घेऊन आली.

"राहू दे आई," तो म्हणाला. "साह्यबाला आपलं पानी थंड लागंल."

म्हातारी तांब्या घेऊन तशीच उभी राहिली, मग आत गेली.

मी उभ्या उभ्याच सांगितलं. झाकणं वाकतायत. उभी टांगली तरी वाकतायत. तुम्ही कशी बांधत होता?

"तू काय लिहिलं व्हतंस त्या कागदावर?"

"दाजी, ते झालं गेलं."

"वाच ना. तोंडपाठ आसंल तुला."

"पानी थंड व्हतं, असं लिहिलं व्हतं."

"व्हतं का?"

"न्हाई."

"मंग तसं लिहून आन. थंड नव्हतं म्हनून लिही, तारा म्या काढायला लावल्या म्हनून लिही. खाली मालकाची सही घे. मंग ये. मंग सांगतो."

"लिहितो. पन आदी सांगा, उद्या सकाळी जाळी भरायची हाय."

"आदी न्हाई."

माझा तोल गेला. "तुमाला झाकणं वाकलेलीच बरी वाटतात!"

"लई बरी वाटतात," तो पंपावरची नजर न काढता म्हणाला. "तुझी हायत ना ती."

मी मोटारसायकलपाशी आलो. किल्ली लावत होतो तेवढ्यात आक्का मागून आली. पेढ्यांचा पुडा तिनं गाडीच्या पेट्रोलच्या टाकीवर ठेवला.

"हे घिऊन जा."

"पोरींना आनलेत, आक्का."

"पोरी न्हाई खानार." ती दोन पावलं जवळ आली. डोळ्यांत पाणी वगैरे काही नव्हतं. "मधल्या भोकाला बांधत असशील."

मी लावलेली किल्ली परत काढली.

"कोपऱ्याच्या भोकाला बांध. एक कोपरा वर, एक खाली. टोकानं पान्यात जातं मंग. आन खालच्या कोपऱ्यांतनं एक सळई ओव सगळ्यांच्या, म्हंजी झुलत न्हाईत. कितीबी जोरात सोड."

"तुला कुनी सांगितलं?"

"जेवताना दुसरं काय बोलायचे ते? चमच्यानं ताटात दाखवायचे. म्या आजवर भट्टी बघितली बी न्हाई. तू शिकलेला."

"मंग मला कावून सांगितलंस?"

"तुझं काम सुटलं तर आई माझ्या दारात येऊन रडंल. मला ते नको. जा आता." ती वळली आणि परत थांबली. "भाऊबीजेला येऊ नको."

दुसऱ्या दिवशी मी झाकणं कोपऱ्याला बांधली, खालून सळई ओवली. पाणी सदुसष्ट. वेळ सात सेकंद. टोकं आधी पाण्यात गेली, मागून बाकीचं सरसर उतरलं, वाफ दोन्ही बाजूंनी वर आली. एकही झाकण हललं नाही. शेकून झाल्यावर प्रत्येक झाकण, खालचं-वरचं-मधलं, मी सरफेस प्लेटवर ठेवून बघितलं. एकही टक् वाजलं नाही. आकडाही बरोबर आला.

"आता कसं!" मालक म्हणाला.

मी त्याला सांगितलं की ही रीत दाजीची आहे. रिपोर्टमध्ये मी लिहिलेलं खोटं होतं, हेही सांगितलं. त्यानं मान वर केली नाही.

"बरं मग? गेलेल्या मानसाला परत बोलवत बसू का? तुमची घरची भांडणं माझ्या कारखान्यात आनू नका."

तरी मी दुसरा रिपोर्ट लिहिला. पाणी थंड होतं हे मी पाहिलेलं नाही. तारा माझ्या सांगण्यावरून काढल्या. त्यामुळं झाकणं वाकली. खाली सही केली. मालकानं वाचला, सही केली नाही, ड्रॉवरमध्ये टाकला. त्याआधी मी त्याचा फोटो काढला होता, तो दाजीला व्हॉट्सॲपवर पाठवला. मिनिटाच्या आत निळ्या खुणा आल्या. उत्तर आलं नाही. मी तो खऱ्यासाठी पाठवला होता की तिथंही आपणच वरचढ ठरावं म्हणून, हे मला आजही नक्की सांगता येणार नाही.

उन्हाळा संपता संपता दाजी मला मांजरसुंब्याच्या चौकात दिसला. खांद्याला बॅग, हातात पाण्याची बाटली. वाळूजच्या जुन्या शेडमध्ये परत लागल्याचं आईकडून कळलंच होतं. मी गाडी बाजूला लावून त्याच्याकडं गेलो.

"दाजी, तो कागद मिळाला ना?"

"त्यावर मालकाची सही न्हाई."

"त्यांनी केली न्हाई."

"मंग ती चिठ्ठी झाली. चिठ्ठ्या लई येतात."

"आक्का कशी हाय?"

"तुला काय करायचं?"

मी तिथंच उभा राहिलो. ट्रक एकामागं एक वळत होते, धूळ उडत होती, आणि तो माझ्यावरून नजर काढून बीडच्या बाजूला बघत होता. मग तो बोलला. आवाज चढला नव्हता.

"हे बघ, तू मेला असतास तर खांदा द्यायला आलो असतो. नातं हाय. जित्ता हायस, तर माझ्या वाटंला येऊ नको."

बस आली. तो चढला आणि पलीकडच्या बाजूच्या खिडकीत जाऊन बसला. चौकातल्या ढाब्यावरच्या माणसानं मला चहा घेता का म्हणून हाक मारली. मी नको म्हणालो. दोन वाजता भट्टीचं दार उघडायचं होतं. नवीन माणूस टिकला नव्हता, आणि आता ते काम मला स्वतःलाच करावं लागत होतं.